चेनजियागोऊ: चेन ताईचीच्या गावातला सराव, दिवसागणिक

पहिला दिवस: झेंगझोऊ ते गाव

चेनजियागोऊला जायचं ते शिक्षकाच्या हातासाठी. ताईची या चिनी युद्धकलेतल्या चेन शैलीचे सगळे क्रम, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, आज व्हिडिओवर आहेत, हातापायांच्या जागा घरबसल्या पाठ होतात. पण खुबा खरंच खाली बसलाय का, भार टाचेवर गेलाय का, खांदा नकळत वर चढलाय का, हे आपलं आपल्याला दिसत नाही. इथे शिक्षक एका पवित्र्यात थांबवतो आणि हाताने शरीर जागेवर बसवतो. या दुरुस्तीला तिथे ‘निए जिया’ म्हणतात. कणकेला आकार द्यावा तसं हे काम चालतं. फरक बोट-दोन बोटांचाच असतो, पण तेवढ्यानेच मांड्या पेटतात.

गाव हेनान प्रांतात, जिआओझुओ शहराच्या हद्दीतल्या वेन काउंटीत आहे. मुंबईहून झेंगझोऊला जाताना वाटेत विमान बदलावं लागतं. पुढे गाडीने पिवळी नदी ओलांडून उत्तरेकडच्या सपाट मैदानात उतरायचं. दुसरा रस्ता जिआओझुओपर्यंत रेल्वेने आणि तिथून टॅक्सीने. शाळेत आधी कळवलं असेल तर त्यांची गाडी येते, आणि चिनी येत नसेल तर तेच सोयीचं. शाळेचा पत्ता चिनी लिपीत छापून खिशात ठेवावा. अलीपे किंवा वीचॅटवर पैसे भरण्याची सोय भारतातूनच करून न्यावी, कारण छोट्या दुकानांत रोख दिली की सुट्ट्यांची अडचण होते. आपल्या सवयीची बरीच ॲप तिथे चालत नाहीत, तेव्हा नकाशा आणि भाषांतराची सोयही आधीच बघून ठेवावी. मुक्कामाला पोहोचल्यापासून 24 तासांत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं, पण शाळेच्या खोल्यांत किंवा कुणाच्या घरी राहणार असाल तर पहिल्याच संध्याकाळी पासपोर्ट देऊन ती करवून घ्यावी.

जाण्याचे महिने एप्रिल, मे, नाहीतर सप्टेंबर, ऑक्टोबर. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि जुलैत अंगण तापतं. 1 मेची सुट्टी आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र टाळावा, सगळा चीन तेव्हा प्रवासात असतो. एप्रिलमध्ये गावाभोवती हिरवा गहू उभा असतो आणि पहाटे स्वेटर लागतो.

बुटांचं इथेच सांगतो. पळण्याचे जाड टाचेचे बूट नेऊ नयेत. टाच उचललेली राहिली की भार चवड्यावर आणि तिथून गुडघ्यावर येतो. सपाट, पातळ तळव्याचे कापडी बूट गावातल्या दुकानांत मिळतात, पण मोठ्या मापाच्या पायांना ते सापडतीलच असं नाही. आपले घरून घेऊन गेलेलं बरं.

दुसरा दिवस: उभं राहणं

बहुतेक शाळांचं वेळापत्रक सारखंच असतं. सहाच्या सुमाराला पहाटेचा सराव, मग नाश्ता, साडेआठ ते साडेअकरा पहिला वर्ग, जेवण आणि झोप, तीन ते साडेपाच-सहा दुसरा वर्ग, आणि रात्री जेवणानंतर तासभर उजळणी. दुपारची झोप तिथे सगळेच घेतात, आणि ती घ्यावीच. ती बुडवून गाव बघायला निघालेल्यांचे पाय तिसऱ्या दिवशी उचलत नाहीत.

आधी मानेपासून घोट्यापर्यंत सगळे सांधे फिरवून घेतात. मग झान झुआंग, म्हणजे खांबासारखं उभं राहणं. पावलं खांद्याच्या रुंदीएवढी दूर, चवडे सरळ किंवा किंचित बाहेर. गुडघे थोडे वाकलेले. बूड उंच स्टुलावर टेकवल्यासारखं खाली, कमरेचा मागचा खळगा भरलेला. हात छातीसमोर गोल, कोपरं मनगटांपेक्षा खाली. डोकं वर ताठ, हनुवटी किंचित आत, जीभ टाळूला. श्वास पोटात आणि आपोआप. पहिल्या दिवशी पाच मिनिटं खूप झाली. आठवड्याभरात पंधरा, पुढे वीस ते तीस मिनिटं, एवढीच अपेक्षा असते.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. दोनेक मिनिटांत खांदे कानांकडे निघतात, कारण हातांचं वजन खांद्याने पेललेलं असतं. शिक्षक कोपराखाली बोट धरतो, वजन त्या बोटावर सोडायला लावतो आणि मग बोट काढून घेतो. दुसरी चूक छाती पुढे काढून उभं राहण्याची. शाळेतल्या कवायतीने आपल्याला ती सवय लागलेली असते. छाती फुगली की श्वास वर अडकतो आणि कमर आत वळते. त्यावर उपाय म्हणून शिक्षक एक तळवा छातीच्या हाडावर आणि दुसरा माकडहाडाच्या वर ठेवतो, पुढचा तळवा अलगद खाली ओढतो आणि मागचा खाली दाबतो. पाठ लांब होते, बूड सुटतं आणि सगळं वजन एकदम मांड्यांत उतरतं. थरथर सुरू होते ती तिथून.

मांडीत जळजळ झाली तर चांगलं. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा आतल्या बाजूला टोचलं तर ताबडतोब उंच व्हायचं. चेन शैलीत गुडघे दुखावणारे बरेच असतात आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण एकच, खुबा न उघडता खाली बसणं. जांघेची घडी मऊ पडली नाही तर बसण्याचं आणि वळण्याचं सगळं काम गुडघ्यावर पडतं, आणि तो सांधा वळण्यासाठी नाहीच. उंच उभं राहण्यात कमीपणा काही नाही. गावातली म्हातारी माणसं पहाटे उंचच उभी राहतात आणि त्यांचा क्रम बघत राहावासा वाटतो.

चक्कर आल्यासारखं झालं तर बहुधा श्वास रोखलेला असतो किंवा पोट रिकामं असतं. डोळे उघडे ठेवून चार पावलं चालावं, बसावं, पाणी प्यावं. उभं राहणं संपवताना एकदम हलू नये. हात पोटाशी आणावेत, मिनिटभर थांबावं, मग गुडघे हाताने चोळावेत.

जेवणाचं. हा गव्हाचा मुलूख आहे. वाफवलेले मांतोऊ, नूडल्स, टोमॅटो-अंडं, टोफू, पालेभाज्या हे रोजचं. शाकाहारी माणसाने ‘वो छ सू’ एवढं पाठ करून जावं, आणि चरबी नको, मांसाचा रस्सा नको हे लिहूनच न्यावं. नाश्त्याला मिळणारं तिखट मिऱ्याचं हुलाथांग दिसायला भाज्यांचं सूप असतं, पण ते बहुतेक ठिकाणी मांसाच्या रश्श्यात शिजवतात.

तिसरा दिवस: चान-स-गोंग

रेशमाच्या कोषातून धागा काढताना तो एकसारख्या ओढीने, फिरवत काढावा लागतो. हिसका दिला तर तुटतो, सैल सोडला तर गुंततो. या शैलीतली प्रत्येक हालचाल त्या नियमाने चालते, आणि तो नियम अंगात मुरवायचा सराव म्हणजे चान-स-गोंग. चेन शैली इतर ताईची शैलींपेक्षा वेगळी दिसते ती मुख्यतः यामुळे. हात नुसता सरकत नाही, तो कायम स्वतःभोवती फिरत असतो.

फिरण्याच्या दिशा दोन. ‘शुन’मध्ये तळवा वर वळतो आणि करंगळी आत येते. ‘नी’मध्ये अंगठा आत वळतो आणि तळवा बाहेर जातो. पहिला धडा एका हाताचा असतो. डावा हात कमरेवर, पाय खांद्यांच्या दीडपट रुंद, उजवा हात उजवीकडे डोळ्यांच्या उंचीवर, भार उजव्या पायावर. तिथून हात शुनमध्ये फिरत खाली पोटासमोर येतो आणि भार डावीकडे सरकतो. धड किंचित डावीकडे वळतं आणि हात छातीच्या उंचीपर्यंत चढतो. मग हात नीमध्ये उलटतो, भार उजवीकडे येतो, हात चेहऱ्यासमोरून उजवीकडे जातो. शेवटी खांदा, कोपर, मनगट या क्रमाने सगळं खाली बसतं. चार भाग, पण मध्ये सांधा दिसता कामा नये. एका बाजूला वीस-तीस फेऱ्या, मग दुसरी बाजू, मग दोन्ही हात, मग पाऊल टाकत.

सगळ्यांची एकच गोष्ट चुकते: हात आधी निघतो. पाहणाऱ्याला हात दिसतो म्हणून शिकणाराही हातच हलवतो. क्रम उलटा आहे. पाय जमीन दाबतो, खुबा वळतो, कमर खुब्याबरोबर वळते आणि हात तिच्यामागून येतो. शिक्षक हे तपासतो ते मनगट हलकेच धरून. मनगट धरलेलं असताना हात पुढे जात नसेल आणि आपण दंडाने ढकलत असू तर चुकलं. कमर वळवल्यावर मनगट आपोआप निघालं तर जमलं. जोडीदाराबरोबर हे रात्रीच्या उजळणीत करता येतं आणि त्याने दोन दिवसांचं काम एका तासात होतं.

भार सरकवतानाची वाट हा दुसरा मुद्दा. बूड एका पायाकडून दुसऱ्याकडे आडव्या रेषेत जात नाही आणि मध्ये वर तर अजिबात उठत नाही. खाली किंचित वाकलेल्या कमानीतून जातं. वर उठून जाणाऱ्याचं डोकं वरखाली होतं आणि ते लांबूनही दिसतं. भिंतीवर डोक्याच्या उंचीला खडूची रेघ मारून तिच्यासमोर फेऱ्या करणं हा सोपा उपाय.

चौथा आणि पाचवा दिवस: लाओजिया यीलू

जुन्या चौकटीचा, म्हणजे जुन्या धाटणीचा, पहिला क्रम म्हणजे लाओजिया यीलू. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे 74 किंवा 75 हालचाली. संथ चालीत एक फेरी बारा ते वीस मिनिटं घेते. नव्या चौकटीचा पहिला क्रम 83 हालचालींचा. त्यात मनगट आणि छाती-कमरेची वेटोळी जास्त ठसठशीत आहेत. याशिवाय छोटी चौकट आहे, तिचे शिक्षक वेगळे. नवख्याने लाओजियाच घ्यावी. तिच्या हालचाली मोठ्या आहेत, त्यामुळे चूक लपत नाही.

थोड्या दिवसांत पूर्ण क्रम ‘उरकून’ देणारे वर्ग मिळतात. त्यापेक्षा सुरुवातीपासून येनशोऊ होंगच्युआन या ठोशापर्यंतचाच भाग घ्यावा आणि तो शिक्षकाकडून पुन्हापुन्हा बसवून घ्यावा. संपूर्ण यीलूचं सामान त्या तेवढ्यात आहे.

पहिली मोठी हालचाल जिनगांग दाओदुई. द्वारपाल देव उखळात मुसळ घालतो अशी कल्पना. हात डावीकडे वर जातात, मग उजवीकडे वळून ओढतात, भार उजव्या पायावर येतो. डाव्या टाचेची आतली कड जमिनीला घासत पुढे जाते. भार तिच्यावर येतो, उजवा पाय पुढे येतो, उजवी मूठ आणि गुडघा एकत्र वर उठतात. मग मूठ पोटासमोर डाव्या तळव्यात आणि पाऊल जमिनीवर, एकाच क्षणी. आवाज येतो म्हणून सगळ्यांना हीच आवडते, आणि टाचा याच हालचालीत दुखावतात. पाऊल आपटायचं नसतं, शरीर सैल होऊन खाली बसतं आणि पाऊल त्याच्याबरोबर पडतं. पूर्ण तळवा एकदम टेकतो, गुडघा वाकलेला असतो आणि बहुतेक भार डाव्या पायावरच राहिलेला असतो. टाच आधी टेकली किंवा गुडघा ताठ राहिला तर धक्का कण्यातून डोक्यापर्यंत जातो. फरशीवर किंवा काँक्रीटवर शिकणाऱ्याने पहिलं वर्षभर पाऊल आवाज न करता ठेवावं. मातीवर करून पाहावं आणि आवाज कसा येतो ते ऐकावं. घुमल्यासारखा जड आवाज बरोबर, चटकन वाजणारा फटका चुकीचा.

त्यानंतर लान झा यी. उजवा पाय बाहेर सरकतो, भार मात्र डाव्या पायावर अडकवून ठेवायचा. पाय जिथे पोहोचेल तिथेच ठेवावा. भार आधीच पडला आणि मग पाय टेकला तर पाऊल आपलं राहत नाही, पडणं होतं. तपासायला सोपं आहे: टाच टेकल्यावर तो पाय पुन्हा उचलता आला पाहिजे. मग भार उजवीकडे, उजवा हात उघडत डोळ्यांच्या उंचीवर बाहेर. इथे डावा गुडघा आत कोसळतो. पायांमधली कमान टोकदार होते, आणि शिक्षक कोसळलेल्या गुडघ्याला आतून बाहेर ढकलतो. मांडीचं हाड खुब्यात बाहेरच्या दिशेने फिरलं की कमान गोल होते आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत येतो.

दान बियेन, म्हणजे एकेरी चाबूक, हा पवित्रा दुरुस्तीसाठी सगळ्यात चांगला, कारण त्यात सगळं उघडं पडलेलं असतं. उजव्या हाताचा हूक, डावा हात लांब उघडलेला, भार डावीकडे. बाहेरून पाहिलं तर आपण अगदी फोटोसारखे उभे असतो. शिक्षक मागे येतो, डाव्या खुब्याच्या घडीत दोन बोटं रुतवतो आणि थांबतो. ती बोटं मांडीच्या वरच्या टोकाने आत दाबली जाईपर्यंत तो हलत नाही. मग उजव्या खांद्यावर तळवा ठेवतो, डावं कोपर बोटभर खाली आणतो, डोक्याचा माथा वर खेचतो. एकही हालचाल दोन बोटांपेक्षा मोठी नसते. डाव्या मांडीच्या वरच्या स्नायूत आग पेटते, आणि त्याच वेळी खांद्यातला ताण गायब होतो, बोटांत ऊब येते, उभं राहणं जड आणि स्थिर होतं. ‘हाव,’ एवढंच शिक्षक म्हणतो, ठीक आहे, आणि पुढच्याकडे जातो. ती जागा लक्षात ठेवायची. तो गेल्यावर दहा श्वास तिथेच थांबायचं. लगेच उठून नोंद करायला वही काढली की शरीर विसरतं.

पाऊल फिरवण्याचा नियम एकच, पण तो रोज मोडला जातो. भार असलेल्या पावलावर गुडघा पिळून वळायचं नाही. आधी भार मागे घ्यावा, मग टाचेवर चवडा फिरवावा, मग भार पुन्हा आणावा. खुबा वळला की मग पाऊल वळतं.

गावात दिवसाला दहा फेऱ्यांची भाषा ऐकू येते. पाहुण्याने तीन कराव्यात: पहिली उंच आणि सैल, दुसरी खाली आणि थांबत थांबत, तिसरी एकसंध.

सहावा दिवस: गाव

सकाळी सराव, दुपारनंतर सुट्टी. अंतर इतकं कमी की सगळं पायी होतं.

चेन घराण्याचा मूळपुरुष चेन बू मिंग काळाच्या सुरुवातीला शान्शीतल्या होंगतोंगहून या भागात आला. नवव्या पिढीतला चेन वांगतिंग मिंग राजवटीच्या अखेरीचा माणूस. घराण्याची युद्धकला, सेनापती छी जिगुआंगने नोंदवलेले 32 पवित्रे आणि श्वासाची-नाड्यांची जुनी विद्या जोडून त्याने हे घडवलं, असं गाव मानतं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तांग हाओ हा अभ्यासक इथे आला आणि त्यानेही उगमाचं श्रेय चेन वांगतिंगला दिलं. डोंगरातल्या झांग सानफेंग या ताओवादी साधूची कथा मानणारे आजही आहेत, पण तिला कागदाचा आधार नाही. तांग हाओची बाजू मजबूत वाटते, कारण छी जिगुआंगच्या पवित्र्यांची बरीचशी नावं चेन क्रमांत आजही येतात.

ताईची संग्रहालय आणि पूर्वजांचं मंदिर दोन्ही पाहण्यासारखी आहेत. पण वेळ थोडा असेल तर यांग लूछान जिथे शिकला ती वास्तू आधी बघावी. हेबेईतल्या योंगनियनचा हा माणूस चौदाव्या पिढीतल्या चेन चांगशिंगकडे शिकला आणि पुढे बीजिंगला जाऊन शिकवू लागला. जगभरच्या बागांमध्ये दिसणारी यांग शैली तिथून आली. घराण्याबाहेर विद्या गेली ती या अंगणातून.

1928 मध्ये सतराव्या पिढीतला चेन फाके बीजिंगला गेला आणि 1957 पर्यंत तिथे शिकवत राहिला. मऊ संथ यांग शैलीला सरावलेल्या बीजिंगला चेन शैलीचं झटक्याने बाहेर पडणारं बळ तेव्हा दिसलं. गावात मात्र त्या काळात सराव मोडत चालला होता. 1958 मध्ये चेन झाओपी परतला आणि त्याने पोरांना पुन्हा उभं केलं. 1972 मध्ये तो गेल्यावर चेन फाकेचा मुलगा चेन झाओकुई येऊन नवी चौकट शिकवून गेला. आज जगभर नाव असलेले चेन शियाओवांग, चेन झेंगलेई, वांग शीआन आणि झू तिएनत्साई हे चौघे याच दोघांच्या हाताखालून गेले. ताईची 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली खरी, पण ही विद्या टिकली ती 1958 नंतरच्या त्या चौदा वर्षांमुळे.

परतताना शेतांतून यावं. वेन काउंटी औषधी पिकांसाठी नावाजलेली आहे. ‘लोखंडी काठी’ नावाचा बारीक लांब कंद इथला, आपल्या कोनफळाच्या कुळातला. आघाड्याच्या कुळातली न्यूशी आणि औषधी शेवंतीही इथलीच. कंद वाफवून, साल काढून, मीठ न घालता खातात. थकलेल्या पोटाला तो फार बरा.

सातवा दिवस: तुईशोऊ

दोघांनी हात टेकवून करायचा सराव. चेन शैलीत त्याचे पाच टप्पे: जागेवर हात फिरवणं, एक पाऊल पुढे-मागे ठेवून स्थिर, चालत, खूप खाली बसून ‘दा ल्यू’, आणि मोकळ्या पावलांनी. नवख्याला पहिले दोनच मिळतात आणि तेवढे पुरतात.

चार बळं शिकायची. पंग म्हणजे आतून भरलेला, दाबला तरी न चुरगळणारा गोलावा. ल्यू म्हणजे आलेल्याला बाजूला वाट देणं. जी म्हणजे दोन हात जोडून ढकलणं, आन म्हणजे खाली दाबणं. यातलं पंग गेलं की बाकी तिन्ही गेली. जोडीदार दाबतो तेव्हा आपण दोनपैकी एक चूक करतो. एकतर त्याच्याविरुद्ध अडतो, म्हणजे बळाला बळ. नाहीतर हात सैल सोडून संपर्क हरवतो. दोन्हींमध्ये पुढचं काही ऐकू येत नाही. स्पर्श सतत एका वजनाचा ठेवावा, इतका की जोडीदाराच्या बाहीचं कापड सरकलेलं कळावं.

आपल्याकडचे कुस्ती किंवा जुडो खेळलेले लोक इथे लवकर चिडतात, कारण पकड मिळते पण समोरचा तिथे नसतो. मनगटाची मुरड बसली तर ताकदीने विरोध करू नये. कोपर खाली सोडून कमर वळवावी, नाहीतर हाताने थोपटून थांबवावं. मनगटं दुखावतात ती हट्टामुळे. वयाने मोठ्या गावकऱ्याबरोबर करायला मिळालं तर दोन्ही हातांनी नम्रपणे सुरुवात करावी आणि त्याचा वेग घ्यावा. ढकललं गेल्यावर पाऊल मागे घ्यावं. जागा राखण्यासाठी कंबर वाकवून अडून बसणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा शिकवत नाही.

आठवा दिवस: अरलू

दुसरा क्रम, पाओ चुई, म्हणजे तोफेच्या मुठी. 41 ते 43 हालचाली, पण फेरी चारेक मिनिटांत संपते. उड्या, वळणं, कोपर, खांद्याचे धक्के. तरुण पोरं अंगणात तो करतात तेव्हा बाह्यांचा फटकारा ऐकू येतो.

पाहुण्याने तो पाहावा. शिकायचं ते फाजिन, म्हणजे बळ सोडणं, आणि तेही एकाच ठोशात: येनशोऊ होंगच्युआन. भार उजवीकडे, मूठ उजव्या कमरेशी, डावा हात समोर. उजवा पाय जमीन दाबतो, खुबा डावीकडे वळतो, डावं कोपर मागे जातं आणि त्याच झटक्यात उजवी मूठ फिरत पुढे सुटते. पुढची मूठ आणि मागचं कोपर यांचं वजन सारखं असावं, तर कणा मध्ये शांत राहतो. हात आधी पूर्ण सैल, शेवटच्या क्षणी घट्ट, आणि लगेच पुन्हा सैल. आधीपासून मूठ आवळली तर बळ दंडात अडकतं. नुसत्या हाताने फेकलं तर कोपर उलट ताणलं जातं आणि आठवडाभर दुखतं. कोपर पूर्ण सरळ होऊच द्यायचं नाही. दिवसाला प्रत्येक बाजूला दहा-पंधरा, तेही शरीर गरम झाल्यावर. पहाटेच्या गारठ्यात फाजिन करू नये.

नववा दिवस: शस्त्रं आणि लांब काठी

एकेरी तलवार 49 हालचालींची, दाओ म्हणजे रुंद पात्याची 23 ची. शाळेत दोन्ही शिकवतात, पण यीलू नीट बसल्याशिवाय त्यांत पडू नये.

काठीचं तसं नाही, ती पहिल्या वर्षापासून घ्यावी. पांढऱ्या मेणाच्या झाडाची, तीन ते चार मीटर लांब, बुडाशी मुठीत जेमतेम मावेल एवढी आणि टोकाकडे निमुळती. उजवा हात बुडाच्या अगदी टोकाला, उजव्या कमरेला चिकटलेला. डावा हात पुढे, नुसता आधाराला. हालचाली तीनच. ‘लान’मध्ये टोक डावीकडून बाहेर छोटं वर्तुळ काढतं, ‘ना’मध्ये उजवीकडे आत, आणि ‘झा’मध्ये काठी डाव्या हातातून सरकत सरळ पुढे जाते.

काठी खोटं बोलू देत नाही. बळ कमरेतून आलं तर थरथर टोकापर्यंत पोहोचते आणि टोक एकदाच कापून थांबतं. हातांनी हलवलं तर मधलाच भाग डुलतो आणि टोक भटकत राहतं. डाव्या हाताने आवळून धरलं तर थरथर तिथेच मरते आणि तळव्याला फोड येतात. पहिल्या दिवशी तीस पुरे, हळूहळू शंभरपर्यंत. पाठीच्या खालच्या भागात दुखलं तर पुढे वाकून मारलं गेलंय. पाय रुंद करावेत आणि बूड खाली न्यावं.

दहावा दिवस: परत

शेवटच्या सकाळी शिक्षकाकडून पूर्ण भाग एकदा तपासून घ्यावा आणि परवानगी घेऊन त्याच्या दुरुस्तीचा व्हिडिओ घ्यावा. स्वतःचा सराव नाही, त्याचे हात आपल्या अंगावर कुठे पडतात तेच टिपायचं. तीन महिन्यांनी पवित्रा घसरतो तेव्हा तेच उपयोगी येतं.

घरी दिवसाला तास मिळाला तर वीस मिनिटं उभं राहणं, पंधरा मिनिटं चान-स-गोंग, उरलेल्या वेळात यीलूचा शिकलेला भाग दोनदा. अर्धाच तास असेल तर क्रम सोडावा, उभं राहणं सोडू नये. फ्लॅटच्या हॉलमध्ये दोन-तीन हालचालींनंतर भिंत येते. तिथे थांबून मागे चालत यावं आणि पुढचा भाग घ्यावा, पावलं आखूड करू नयेत. खालच्या मजल्यावर माणसं राहत असतील तर दाओदुईचं पाऊल मऊ ठेवावं लागतंच, आणि टाचेला तेच हितकर.

चार मीटरची काठी विमानात नेता येत नाही. तिच्या बदल्यात कोकणातला माणगा बांबू चालतो. तो जवळजवळ भरीव असतो, सरळ वाढतो आणि त्याला काटे नसतात. तीन मीटरचा, बुडाशी जाडसर आणि टोकाशी बारीक असा निवडावा. सालासकट दोनेक महिने सावलीत आडवा ठेवून वाळवावा, पेरं रंध्याने सपाट करून पॉलिश पेपर मारावा, म्हणजे ‘झा’च्या वेळी डाव्या तळव्याची कातडी सोलवटणार नाही. भिंतीला तिरका टेकवून ठेवला की वाकतो. आडवा ठेवावा किंवा दोरीने सरळ टांगावा. मेणाच्या लाकडाइतका तो थरथरत नाही, त्यामुळे टोक कापलं की नाही हे डोळ्यांपेक्षा उजव्या तळव्याला आधी कळतं.